'प्रभुभोजन' : ग्रीक शब्दार्थ, ख्रिस्ती वाद आणि मराठी पर्याय

ख्रिस्ती उपासनेत भाकर व द्राक्षारस यांच्या सेवनाचा जो विधी आहे, त्याच्या अर्थाविषयीचा वाद ख्रिस्ती जगातील अत्यंत दीर्घकाळ चाललेल्या वादांपैकी एक होय. नवव्या शतकात फ्रान्समधील कोर्बीच्या मठात राद्बेर्तुस आणि रात्रामनुस या दोन भिक्षूंनी परस्परविरोधी प्रबंध लिहिले. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर आले. तेथील चर्चेत ल्यूथरने ख्रिस्ताचे मूळ वाक्य लॅटिन भाषेत मेजावर खडूने लिहून ठेवले होते, असे सांगितले जाते. १५५१ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने कॅथलिक भूमिका निश्चित शब्दांत मांडली. या साऱ्या वादात ग्रीक नव्या करारातील मोजक्या शब्दांचे अर्थ पुनःपुन्हा साक्षीला बोलावले गेले. हे शब्द मराठीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर तो वादही आला. मात्र मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे धर्मशास्त्राचा प्रश्न म्हणून पाहिले आणि तो बाजूस ठेवला. वस्तुतः हा प्रश्न शब्दशक्तीचा, वाक्यार्थाचा आणि अनुवादाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही निवडक शब्दांचा आणि त्यांच्या मराठी पर्यायांचा विचार करावयाचा आहे. कोणता ख्रिस्ती पंथ बरोबर, हे ठरविणे हा येथील हेतू नाही.

१. नावांचा प्रश्न

या विधीला मराठीत सर्वमान्य असे एक नाव नाही. नाशिकसारख्या शहरात ही स्थिती स्पष्ट दिसते. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेल्या शरणपूरची अँग्लिकन परंपरा १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. या परंपरेच्या भाषेत 'प्रभुभोजन' आणि 'पवित्र सहभागिता' हे शब्द आहेत. नाशिकरोडला बाळ येशूच्या तीर्थस्थानी जमणारा कॅथलिक भाविक 'मिस्सा' किंवा 'ख्रिस्तयाग' म्हणतो. एकाच शहरातील, एकच मराठी बोलणारे दोन समाज एकाच मुळाच्या विधीला वेगळ्या नावांनी ओळखतात आणि प्रत्येक नाव त्या विधीचे एकेक अंग पुढे आणते. 'मिस्सा' हा शब्द उपासनेच्या अखेरीस लोकांना निरोप देणाऱ्या लॅटिन शब्दावरून आला. 'याग' शब्दाने अर्पण आणि आहुती यांची कल्पना येते. 'भोजन' शब्दाने ताट आणि पंगत. 'सहभागिता' शब्दाने एकत्र वाटून घेण्याची क्रिया.

या विधीच्या सर्वांत जुन्या ग्रीक नावांपैकी एक 'एउखारिस्तिया', म्हणजे आभारप्रदर्शन. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टिर या लेखकाच्या ग्रंथात हे नाव थेट त्या अन्नालाच दिलेले आढळते. मराठीत मात्र ते विधीचे नाव म्हणून रुजले नाही. त्याची छाया उरली ती 'उपकारस्तुती' या जोडशब्दात. येथे मूळ ग्रीक पाठातील एक भेद लक्षात घ्यावयास हवा. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तांतात भाकरीच्या वेळी 'एउलोगेइन' (स्तवन करणे, आशीर्वचन उच्चारणे) आणि प्याल्याच्या वेळी 'एउखारिस्तेइन' (आभार मानणे) अशी क्रियापदे आहेत. लूक आणि पौल यांच्याकडे भाकरीच्या वेळीच आभाराचे क्रियापद आहे. यहुदी रिवाजाप्रमाणे जेवणाआधी स्तवन होते ते देवाचे. मराठीत 'आशीर्वाद देऊन' असे म्हटले की तो आशीर्वाद भाकरीलाच दिला, असा भास होतो. 'उपकारस्तुती करून' म्हटले की लक्ष देवाकडे जाते. शब्दनिवडीतील हा लहानसा फरक पुढील मोठ्या वादाची दिशा सुचवितो : विधीत वस्तूचे काही होते, की माणसाच्या मनाचे? जेवणाच्या आरंभी श्लोक म्हणून पहिला घास घेण्याची रीत ज्या घरांत आहे, त्या घरांतील वाचकाला घासाआधीच्या कृतज्ञतेवरून साऱ्या भोजनाला नाव मिळावे, यात नवल वाटणार नाही.

नावांबाबत सावधगिरी बाळगण्याची परंपराही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' (१६१६) मराठी ओवीत रचले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द त्यांना चालला. विधी आणि सिद्धांत यांच्या परिभाषेत मात्र पोर्तुगीज शब्दांचा आधार घेतला गेला. गोव्याच्या कोकणीत आजही ख्रिस्तप्रसाद घेण्याला 'कुमगार' आणि पापनिवेदनाला 'कुमसार' हे पोर्तुगीज मुळाचेच शब्द आहेत. देशी शब्द आला की त्याच्याबरोबर देशी अर्थही येईल, ही धास्ती यामागे होती. याच्या उलट टोकाला पंडिता रमाबाई उभ्या आहेत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांना मिळालेल्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन होती. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे संस्कृतात नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले.

२. 'भाकर'

ग्रीक 'आर्तोस' या शब्दाचा रूढ अर्थ खमीर घालून भाजलेली रोटी असा आहे; बिनखमिरी रोटीला 'आझिमोस' हा वेगळा शब्द आहे. पूर्वेकडील ग्रीक चर्चने फुगलेली रोटी वापरली आणि पश्चिमेकडील लॅटिन चर्चने बिनखमिरी. १०५४ च्या सुमारास दोन्हींमध्ये जी फूट पडली, तिच्या कारणांत हाही एक विषय होता आणि 'आर्तोस' शब्दाचा अर्थ त्यात पुराव्यादाखल मांडला गेला. मराठी अनुवादकांनी 'भाकर' हा शब्द घेतला. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत खमीर नसतेच. त्यामुळे 'बेखमीर भाकर' ही बायबलमधील शब्दयोजना शेतकऱ्याच्या कानाला द्विरुक्तीसारखी वाटावी. कॅथलिक वेदीवर प्रत्यक्षात वापरली जाते ती गव्हाच्या पिठाची पातळ चकती. तिचे 'भाकरी'शी रूपसाम्य नाही.

म्हणजे 'भाकर' हा पर्याय चुकला काय? तसे म्हणता येत नाही. 'पोटाची भाकर', 'मीठभाकर', 'भाकरतुकडा' या प्रयोगांत 'भाकर' म्हणजे केवळ तो पदार्थ नव्हे. जगण्यास लागणारे अन्न असा तिचा अर्थ आहे. 'आर्तोस'लाही अन्न हा व्यापक अर्थ होता. भाकर 'मोडणे' ही क्रियाही मराठीला परकी नाही. भाकरी सुरीने कापत नाहीत, ती हाताने मोडून दुसऱ्याला देतात. अनुवादकाने येथे वस्तूचे साम्य सोडले आणि व्यवहाराचे साम्य राखले. शब्दकोशातील अर्थ आणि वापरातील अर्थ यांत निवड करावी लागते, तेव्हा वापराकडे वळण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

३. 'आहे' : वाक्यार्थाचा वाद

वादाचे केंद्र ज्या वाक्यात आहे, त्यात ग्रीक 'तूतो' (हे), 'एस्तिन' (आहे) आणि 'सोमा' (शरीर) ही पदे येतात. ख्रिस्त जी आरामाइक भाषा बोलत असे, तिच्या अशा वाक्यात 'आहे' या अर्थाचे क्रियापद बहुधा नसतेच, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या शब्दावर युरोपात मोठमोठे ग्रंथ झाले, तो शब्द मूळ उच्चारात नसण्याचाच संभव अधिक.

मराठीच्या दृष्टीने ही गोष्ट बोलकी आहे. कारण मराठीत अशा वाक्याची तीन रूपे सहज संभवतात : 'हे माझे शरीर', 'हे माझे शरीर आहे' आणि 'हे माझे शरीर होय'. पहिल्यात क्रियापद अध्याहृत आहे. दुसऱ्यात साधे विधान आहे. तिसऱ्यात 'होय' मुळे व्याख्येचा किंवा तादात्म्याचा ठसा उमटतो. इंग्रजीला किंवा लॅटिनला असा त्रिविध भेद एवढ्या सहजपणे दाखविता येत नाही. अनुवादक यांपैकी एक रूप निवडतो, तेव्हा तो कळत नकळत अर्थाचाही एक कल निवडत असतो.

दुसरा मुद्दा लिंगाचा. ग्रीकमध्ये 'आर्तोस' पुल्लिंगी आणि 'सोमा' नपुंसकलिंगी आहे. 'तूतो' हे सर्वनामही नपुंसकलिंगी आहे. यावरून 'हे' म्हणजे ती भाकर नव्हेच, असा तर्क काहींनी केला. मराठीतही तीन लिंगे असल्याने हा तर्क तपासून पाहता येतो. 'भाकर' स्त्रीलिंगी, 'शरीर' नपुंसकलिंगी. तरीही वाक्य होते ते 'हे माझे शरीर' असेच. लहान मूल काठीवर स्वार होऊन 'हा माझा घोडा' म्हणते. 'ही' म्हणत नाही, जरी काठी स्त्रीलिंगी असली तरी. दर्शक सर्वनामाने विधेयाचे लिंग घेणे ही केवळ वाक्यरचनेची रीत आहे. त्यावर सिद्धांताची इमारत उभी राहू शकत नाही.

आता अर्थाचा विचार करू. पुढील तीन वाक्ये पाहावीत. मूल काठीला म्हणते, 'हा माझा घोडा'. मुलगा छायाचित्र दाखवून म्हणतो, 'हे माझे वडील'. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीकडे पाहून भाविक म्हणतो, 'हा गणपती'. व्याकरणदृष्ट्या तिन्ही वाक्ये एकाच साच्याची आहेत; परंतु पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात निर्देश आहे आणि तिसऱ्यात बोलणाऱ्याच्या श्रद्धेनुसार सान्निध्य आहे. 'आहे' या शब्दाचे कोशगत अर्थ कितीही चाळले तरी हा फरक कळत नाही. तो कळतो तो बोलणारा, प्रसंग आणि समाज यांवरून.

भारतीय साहित्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते. लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी योग आणि रूढी वा प्रयोजन या तीन अटी आवश्यक मानल्या आहेत. गंगेवर गवळीवाडा आहे, असे म्हटले की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून 'गंगा' शब्दाने तीर घ्यावयाचा, हे उदाहरण सुपरिचित आहे. झ्विंग्लीची भूमिका या चौकटीत नेमकी बसते. पुनरुत्थित ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे. ते भाकरीत असू शकत नाही. म्हणून मुख्यार्थबाध होतो आणि 'आहे' याचा अर्थ 'दर्शविते' असा घ्यावयाचा. त्याचा सहकारी एकोलाम्पाडिउस याने लक्षणा क्रियापदात न मानता 'शरीर' या पदात मानली : शरीर म्हणजे शरीराचे प्रतीक. ल्यूथरचे उत्तर असे की, देवाचा उजवा हात सर्वत्र आहे. मग ख्रिस्ताच्या सान्निध्याला स्थळाची अडचण कोठे राहिली? म्हणजे त्याने मुख्यार्थबाधच नाकारला. ट्रेंटच्या परिषदेने सांगितले की, भाकरीचे रूप, रस, गंध हे गुण तसेच राहतात; पालटते ते द्रव्य. त्यामुळे तेथेही मुख्यार्थाला बाध येत नाही.

याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तिन्ही पक्षांना 'एस्तिन' शब्दाचा अर्थ सारखाच ठाऊक होता. मतभेद होता तो मुख्यार्थबाध होतो की नाही यावर आणि तो प्रश्न कोशाने सुटणारा नाही. विश्वाविषयीच्या व देहाविषयीच्या धारणांवर तो अवलंबून आहे. छांदोग्य उपनिषदातील 'तत्' आणि 'त्वम्' यांच्या ऐक्याचे महावाक्य घेऊन अद्वैती, विशिष्टाद्वैती आणि द्वैती आचार्यांनी असाच वाद घातला, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांस माहीत आहे. विषय भिन्न असले तरी वाक्यार्थाची कोंडी एकाच जातीची आहे.

४. 'देह' आणि 'खाणे'

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील शब्द वेगळे आहेत. तेथे 'सोमा' नाही. 'सार्क्स', म्हणजे मांस, हा शब्द आहे. शिवाय खाण्यासाठी आरंभी 'फागेइन' येते आणि चोपन्नाव्या वचनापासून 'त्रोगेइन'. या दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ कुरतडणे, चावून खाणे असा आहे. प्रत्यक्ष सान्निध्य मानणाऱ्यांनी यावर भर दिला : लेखकाला रूपकच अभिप्रेत असते, तर त्याने इतका स्थूल शब्द का योजावा? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, योहानाच्या ग्रंथात खाण्याचे नेहमीचे वर्तमानकालीन क्रियापद 'एस्थिएइन' कोठेच येत नाही; 'त्रोगेइन' हाच त्याचा नित्याचा शब्द असावा. तेराव्या अध्यायात एकत्र भाकर खाणाऱ्या मित्राच्या संदर्भातही तोच शब्द आहे. शिवाय याच सहाव्या अध्यायात पुढे, देहाने काही लाभत नाही, आत्माच जिवंत करतो, अशा आशयाचे विधान येते आणि झ्विंग्लीचा मुख्य आधार तेच होते.

प्रचलित मराठी अनुवादात 'सार्क्स'साठी 'देह' आणि त्रोगेइन-फागेइन या दोहोंसाठी 'खाणे' असे शब्द दिसतात. 'मांस' शब्दाने होणारा आघात 'देह' शब्दाने सौम्य होतो. संतवाङ्मयामुळे 'देह' शब्दाला नश्वरतेचा आणि साधनेचाही अर्थ चिकटलेला आहे. मूळ पाठात ऐकणारे लोक हे बोलणे कठीण आहे म्हणून कुरकुर करतात आणि अनेक शिष्य सोडून जातात. 'मांस' म्हटले असते, तर त्या कुरकुरीचे कारण मराठी वाचकाला, विशेषतः शाकाहारी घरातून आलेल्या वाचकाला, क्षणात कळले असते. अनुवादाने भाषेची मर्यादा राखली, पण कथेतील धक्का काहीसा कमी केला, असे म्हणावे लागते.

५. 'स्मरण'

पौलाच्या आणि लूकच्या वृत्तांतात 'आनाम्नेसिस' हा शब्द आहे. मार्क व मत्तय यांच्याकडे तो नाही. बायबलच्या जुन्या ग्रीक अनुवादात हा शब्द अर्पणांच्या संदर्भात येतो. विसाव्या शतकात योआखिम येरेमिआस यांनी, आठवण ठेवावयाची ती देवाने, असा अर्थ सुचविला; ग्रेगरी डिक्स यांनी १९४५ मध्ये, गत घटना वर्तमानात परिणामकारक होणे, असा अर्थ मांडला. १९८२ मध्ये लिमा येथे चर्चच्या जागतिक परिषदेच्या आयोगाने तयार केलेल्या निवेदनात या शब्दाच्या आधारे पंथांमधील अंतर कमी करण्याचा प्रयत्न झाला.

मराठीतील 'स्मरण' शब्दाला दोन भिन्न ओढी आहेत. 'स्मरणार्थ' म्हटले की कोनशिला, बाक आणि देवळातला पंखा आठवतो. मृताच्या नावाने जिवंतांनी केलेले दान असा तो अर्थ आहे. 'नामस्मरण' म्हटले की मात्र नवविधा भक्तीतील तिसरी भक्ती समोर येते. वारकरी परंपरेच्या दृष्टीने नाम आणि नामी यांत अंतर नाही. जेथे स्मरण आहे, तेथे स्मरला जाणारा उपस्थित आहे. पहिला अर्थ झ्विंग्लीच्या जवळचा, दुसरा डिक्स यांच्या. वस्तुतः इंग्रजी पर्यायापेक्षा मराठी 'स्मरण' हा मूळ शब्दाला अधिक न्याय देऊ शकतो. अडचण आहे ती '-अर्थ' या उत्तरपदाची. त्याने क्रियेचा हेतू तर कळतो, पण शब्द स्मारकाच्या बाजूला झुकतो.

६. 'सहभागिता' आणि पंगत

येथवरच्या चर्चेत भाकरीचे काय होते, हाच प्रश्न होता. ज्या पत्रात या भोजनाचा सर्वांत जुना लिखित वृत्तांत आहे, त्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (इ. स. ५४-५५ च्या सुमारास) प्रश्न मात्र वेगळा आहे. करिंथ येथील मंडळी भोजनास जमत. काहीजण आपले जेवण आधीच उरकत आणि मद्याने धुंद होत, तर काही उपाशी राहत. पौल त्यांना खडसावतो आणि त्या खडसावण्याच्या ओघातच शेवटच्या भोजनाचा वृत्तांत सांगतो. या दोषाला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक वाढणे, हा मराठी माणसाच्या लेखी मोठा अपराध. याच प्रकरणात शरीर न ओळखता खाणाऱ्यास दोष लागतो, असे म्हटले आहे. हे 'शरीर' म्हणजे भाकर, की जमलेली मंडळी? आधीच्या अध्यायात पौलाने 'कोइनोनिया', म्हणजे सहभागिता, या शब्दापाठोपाठ, भाकर एक म्हणून आपण पुष्कळजण एक शरीर, असा विचार मांडला आहे. तो ध्यानात घेता दुसरा अर्थ दुर्लक्षिता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. येथे कोणी कोणाबरोबर काय खावे, यावर समाजाची रचना उभी होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. चहाचा एक पेला जर एवढा अर्थ वाहत होता, तर एकाच प्याल्यातून सर्वांनी पिण्याच्या विधीत किती अर्थ भरला असेल, याची कल्पना करता येते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक ज्या घरात झाला, त्या घरात त्या वाढल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर काही वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तरी आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. जातिभेद माणसाने निर्माण केला, ही जाणीव त्यांच्यात झाली ती ग्रंथांतील वादातून नव्हे. अन्नपाण्याच्या रोजच्या कोंडीतून ती वाट निघाली. 'कोइनोनिया'चा मराठी अर्थ कोणत्याही कोशापेक्षा त्या प्रकरणांत अधिक स्पष्ट होतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ग्रीक शब्दांचे मूळ अर्थ हा वादाचा पाया मानला गेला, तरी वाद त्यांच्याने सुटला नाही. कारण अर्थ पदात जेवढा असतो, तेवढाच वाक्यात, प्रसंगात आणि बोलणाऱ्या समाजात असतो. मराठी पर्यायांचा विचारही याच न्यायाने करावयास हवा. 'भाकर', 'देह', 'स्मरण', 'सहभागिता', 'याग' हे शब्द ग्रीक वा लॅटिन शब्दांची रिकामी पात्रे नाहीत. शेतातून, संतवाङ्मयातून, यज्ञसंस्थेतून आणि पंगतीतून ते आपापला अर्थ घेऊन आले आहेत. काही ठिकाणी त्यांनी मूळ अर्थ झाकला आणि काही ठिकाणी तो उजळला.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा अभ्यास आजवर बहुधा स्टीफन्स, बाबा पदमनजी, रमाबाई, टिळक या नावांच्या क्रमाने झाला. त्याच्या जोडीला शब्दांच्या क्रमाने होणारा अभ्यासही आवश्यक आहे : निरनिराळ्या अनुवादांतील, उपासनाग्रंथांतील आणि बोलीतील एकाच संज्ञेचे पर्याय एकापुढे एक ठेवून पाहणे. नाशिक, अहमदनगर, वसई आणि गोवा येथील ख्रिस्ती समाजांच्या प्रार्थनापुस्तकांत व घरगुती बोलण्यात त्यासाठी विपुल साधनसामग्री आहे. जुन्या पिढीबरोबर त्यातील बोलीचा भाग झपाट्याने ओसरत आहे. 'मिस्सा' म्हणणारी आणि 'प्रभुभोजन' म्हणणारी माणसे अद्याप एकाच शहरात शेजारी राहतात, तोवर हे काम हाती घेणे मराठीच्या अभ्यासकांना शक्य आहे.